खारपाणपट्ट्यातल्या ओलितासाठी खिशातला ईसी पेन: घ्यावा का?

घ्यावा, पण ईसी, म्हणजे पाण्याची वीजवाहकता दाखवणाराच. नुसता टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार, पीपीएममध्ये) दाखवणारा स्वस्त पेन घरच्या आरओला ठीक, बोअरच्या पाण्याला नाही.

पेन मुळात पाण्यातून वीज किती वाहते तेवढंच मोजतो. पीपीएमचा आकडा पुढे गुणाकार करून येतो, आणि कोणता पेन ०.५ ने गुणतो तर कोणता ०.६४ ने. त्यामुळे १२५० पीपीएम एका पेनवर २.५ डेसिसायमन (ईसीचं एकक) ठरतं, दुसऱ्यावर १.९५. ओलितासाठी २.२५ च्या वरचं पाणी अतिखारट धरतात. म्हणजे आकडा तोच, पण एक बोअर नापास आणि दुसरं पास! शिवाय बऱ्याच साध्या पेनवर ९९९ च्या पुढे कोपऱ्यात ×१० लुकलुकतं. ते नजरेतून सुटलं की १८५० चं पाणी १८५ चं समजून हरभऱ्याला सोडलं जातं.

मोजण्याआधी बोअर दहा-पंधरा मिनिटं चालू द्या आणि पाणी ग्लासात घेऊन सावलीत ठेवा. पेन खुणेपर्यंतच बुडवा, हलवून बुडबुडे काढा, आकडा स्थिरावल्यावरच वाचा. तापमान भरपाई, म्हणजे एटीसी नसलेला पेन २५ अंशांच्या वर-खाली दर अंशाला साधारण २ टक्के चुकतो. ३५ अंशांच्या पाण्यात आकडा पाचव्या हिश्शाने फुगतो. १४१३ मायक्रोसायमनच्या (१.४१३ डेसिसायमन) प्रमाणित द्रावणात पेन अधूनमधून तपासून घ्या.

आता पेनची खरी मर्यादा. तो एकूण क्षार सांगतो, सोडियम किती ते सांगत नाही. आणि पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर-मूर्तिजापूर-तेल्हाऱ्याकडे, खरा घात सोडियमच करतो. पावसाळ्यात मोकळे क्षार धुऊन जातात, ईसी उतरते, शेतकरी निश्चिंत होतो. सोडियम मात्र चिकणमातीला धरून बसतो, कण सुटे होऊन छिद्रं बुजवतात, पाणी मुरत नाही आणि जमीन चोपण होते. हेही वाळवंटीकरणच; ते म्हणजे फक्त वाळू चालून येणं, हा समज सोडायला हवा. १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात निमशुष्क भागातल्या जमिनीची पत घसरणंही त्यातच मोजलं आहे. राजस्थानात थरच्या वाळवंटात इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं, पण कठीण थरामुळे जादा ओलित खाली जिरेना. कित्येक शेतं पाणथळ आणि खारट झाली. पाणी उन्हाने उडतं, मीठ वर राहतं.

म्हणून पेनसोबत ही फुकटची चाचणी कराच. वावरातलं वाटाण्याएवढं कोरडं ढेकूळ डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा, रात्रभर हलवू नका. नुसतं विरघळून खाली बसलं तर घाबरू नका. भोवती दुधाळ ढग धरला आणि तो बसेना, तर सोडियमचा संशय पक्का. मग पाणी प्रयोगशाळेत देऊन एसएआर (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती) आणि आरएससी (उरलेलं सोडियम कार्बोनेट) काढून घ्या, आरएससी २.५ च्या वर असेल तर ते पाणी ओलिताला नको. मातीतला सोडियम सुटा करणाऱ्या जिप्समची मात्राही माती तपासणीवरूनच ठरवा, दुकानदाराच्या अंदाजाने नाही. आणि निचऱ्याचे चर काढल्याशिवाय जिप्सम टाकू नका. सुटलेला सोडियम बाहेर गेला नाही तर खर्च वाया जातो.

वापर झाला की टोक डिस्टिल्ड पाण्याने धुऊन, कोरडं करून टोपण लावा. क्षार सुकून पिनांवर बसले की आकडा भरकटतो.