जेटस्कीच्या हलची इपॉक्सी दुरुस्ती: एक अख्खा सीझन चालवल्यानंतर

ऑक्टोबरमध्ये बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात आम्ही जेटस्कीचा फुटलेला हल (पाण्यात राहणारा खालचा सांगाडा) इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या रेझिनने, भरला. त्यानंतर मे अखेरपर्यंत ती अलिबागजवळच्या नागाव किनाऱ्यावर धंद्यावर चालली. आता पावसाळ्यासाठी मशीन परत आणलं आहे. पॅच पक्का आहे, नाण्याने ठोकून बघितलं तर कुठेही बद्द आवाज नाही, म्हणजे आतून कुठे सुटलेला नाही. रंग मात्र टिकला नाही.

मशीन यामाहाचं जुनं थ्री-सीटर आहे, मेहुण्याने सेकंडहँड घेतलेलं. कीलच्या (हलखालच्या मधल्या कण्याच्या) पुढच्या भागाला कधीतरी दगड लागला होता आणि आधीच्या मालकाने ते पॉलिस्टर रेझिन आणि मॅट (काचेच्या विस्कळीत धाग्यांची चादर) लावून बुजवलं होतं. आम्ही पटाशी घालून जरा उचकटलं, तर अख्खा पॅच एका तुकड्यात निघून हातात आला. खालचा पृष्ठभाग तुळतुळीत, ओरखडासुद्धा नाही. म्हणजे घासलंच नव्हतं.

पण फक्त घासण्याचा प्रश्न नाही. अशा मशीनचा हल कोळ्यांच्या फायबर होडीसारखा हाताने थर चढवून केलेला नसतो. तो एसएमसीचा (शीट मोल्डिंग कंपाउंड) असतो: रेझिन, भुकटी आणि काचेचे तुकडे आधीच मिसळलेली शीट गरम साच्यात दाबून काढतात. साच्यातून सुटावं म्हणून त्या मिश्रणातच सोडवणारं द्रव्य घातलेलं असतं. त्यामुळे साधं पॉलिस्टर त्याला नीट धरत नाही, इपॉक्सी धरतं. होड्यांना पॉलिस्टर मस्त चालतं, म्हणून जेटस्कीलाही चालेल असं समजून बरेच जण फसतात. आणि सी-डू कंपनीची स्पार्क जेटस्की असेल तर इपॉक्सीही विसरा. तिचा हल पॉलिप्रॉपिलीनचा आहे, त्याला प्लास्टिक वेल्डिंगच लागतं.

सामान रबाळे एमआयडीसीतून आणलं. रेझिन एलवाय ५५६, हार्डनर एचवाय ९५१. प्रमाण वजनाने १०० ला १०. त्यासाठी छोटा डिजिटल काटा घ्याच, अंदाजाने ओतू नका. पॉलिस्टरमध्ये कॅटॅलिस्ट थोडं कमी-जास्त करून वेळ सांभाळता येतो, इपॉक्सीत तसं केलं तर माल कायमचा मऊ राहतो. ऑक्टोबरच्या उन्हात डब्यात ठेवलेलं मिश्रण बघता बघता तापतं. आम्ही थोडं थोडं कालवून लगेच पसरट ट्रेमध्ये ओतत होतो, त्यामुळे काम करायला वेळ मिळाला.

काचेचं कापड बायअ‍ॅक्सिअल (दोन दिशांना धागे असलेलं) घेतलं, मॅट नाही. मॅटचे धागे ज्या बाइंडरने धरलेले असतात तो पॉलिस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसतं, मग मॅट ताठ राहते आणि कडेला उचलते.

सगळ्यात जास्त वेळ घासण्यात गेला आणि जायलाच हवा. भोकाच्या भोवती जाडीच्या बारापट रुंद उतार काढला, म्हणजे ४ मिमी जाडीला चारही बाजूंना जवळजवळ ५ सेंमी. कोळीवाड्यातल्या ज्या मिस्त्रींनी हात लावला ते सारखे म्हणत होते, "दादा, अजून घासा, चकाकी दिसतेय." आज पॅच टिकलाय तो त्यांच्या या हट्टामुळे, असं मी मनापासून मानतो. मास्क चांगला घ्या आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, काचेची धूळ अंगाला भयंकर खाजते.

मशीन उलटं करू नका. फोर-स्ट्रोक इंजिनातलं ऑइल नको तिथे जातं. आम्ही चेनब्लॉकने उचलून स्टँडवर ठेवलं आणि खालून काम केलं. रेझिन ओघळू नये म्हणून फटी भरायच्या मालात एरोसिल (घट्टपणा आणणारी सिलिकाची बारीक भुकटी) घातलं. आतल्या बाजूनेही थर दिले. त्याआधी आतला ओलावा हॅलोजनच्या दिव्याने वाळवला, कारण ओल्या हलवर केलेल्या कामाची खात्री कोणीच देऊ शकत नाही.

दुसऱ्या दिवशी पॅचवर मेणचट थर आला होता. दमट हवेत हा हार्डनर असाच वागतो. तो अ‍ॅसिटोनने जात नाही. पाणी आणि स्क्रबर घेऊन धुवायचा, मग पॉलिश पेपर. तो ठेवून वर काहीही मारलं तर सुटणार. याच कारणासाठी पावसाळ्यात हे काम काढू नका.

आता रंगाबद्दल. कच्च्या इपॉक्सीवर पॉलिस्टर जेलकोट (होड्यांवरचा जाड, रंगीत रेझिनचा वरचा थर) नीट सुकत नाही, म्हणून आम्ही इपॉक्सी प्रायमर आणि टू-पॅक पीयू (दोन भाग मिसळून मारायचा पॉलियुरेथेन रंग) मारला. बाजूंना तो अजून चमकतोय. कीलखाली, जिथे मशीन रोज वाळूवर ओढलं जातं, तिथे जानेवारीतच प्रायमर दिसू लागला आणि आता थोड्या जागी कापडाची वीण दिसते. उघडं इपॉक्सी उन्हाने खराब होतं, त्यामुळे हे असंच सोडता येणार नाही. जेलकोट जाड असतो, तो याहून जास्त टिकला असता. मूळ वरचा थर वाचवता येत असेल तर नक्की वाचवा.

यंदा तेवढाच पट्टा घासून पुन्हा पीयू मारणार आणि वर रबरी कील गार्ड चिकटवणार. पोरांनाही सांगून ठेवलंय: किनाऱ्यावर ओढायचं नाही, गुडघाभर पाण्यात थांबवून ट्रॉलीवर घ्यायचं.