पोटात पंप, मणक्यात नळी : चौदा महिन्यांचा अनुभव

यंदाच्या हंगामात सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला मी सलग दीड तास उभा राहिलो. कंबरेची दोन ऑपरेशनं झाल्यानंतर सहा वर्षांत हे पहिल्यांदाच जमलं. त्याआधी पेढीवर वीस मिनिटं बसलं की डावा पाय मांडीपासून टाचेपर्यंत पेटल्यासारखा व्हायचा. मग गादीवर आडवं पडूनच व्यापाऱ्यांशी बोलायचो.

दुखणं कमी करणारं औषध थेट मणक्यात सोडणारा पंप पोटात बसवून आता चौदा महिने झाले. बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

पंप म्हणजे बेंबीच्या बाजूला कातडीखाली ठेवलेली धातूची गोल डबी. रुंदी पावणेनऊ सेंटिमीटर, जाडी दोन. माझ्या डबीत २० मिली औषध मावतं, म्हणजे मॉर्फिन हे वेदनाशामक. तिच्यातून निघालेली बारीक नळी कातडीखालून पाठीकडे जाते आणि मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात उघडते. मॉर्फिनची गोळी घेतली की औषध अंगभर फिरतं, मणक्यापर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं. इथे ते थेट जागेवर पडतं, म्हणून तोंडावाटे लागणाऱ्या डोसाचा सुरुवातीला साधारण तीनशेवा भाग पुरतो, असं डॉक्टर म्हणाले. मी दिवसाला ९० मिलिग्रॅमच्या गोळ्या घ्यायचो. आता चोवीस तासांत अर्धा मिलिग्रॅम जातं. दुपारची ती जड गुंगी गेली. माझ्यासाठी हाच मोठा फायदा. हिशेबाच्या वहीत आता चुका होत नाहीत.

वेदना गेली का? नाही. डॉक्टरांनी पंपाच्या ऑपरेशनआधीच बजावलं होतं, "निम्मी झाली तर यश समजा, काका." आधी चाचणी म्हणून मणक्यात औषधाचं एकच इंजेक्शन दिलं होतं. त्या दिवशी वॉर्डातून जिन्यापर्यंत चालत गेलो आणि परत आलो, तेव्हा हिच्या डोळ्यांत पाणी आलं. चाचणीत फरक पडला नाही, तर ऑपरेशनचा हट्ट धरू नका.

पहिले दोन महिने कष्टाचे गेले. मणक्यातलं पाणी थोडं झिरपल्यामुळे चार दिवस उठून बसलं की डोकं फुटायचं आणि आडवं झालं की थांबायचं. पहिल्या रात्री लघवी अडली. अंगाला खाज सुटायची. बद्धकोष्ठता आजही आहे. वाकायचं नाही, कंबर पिळायची नाही, वजन उचलायचं नाही, कारण नळी सरकू शकते. पट्ट्याची पँट डबीवर घासते, म्हणून मी नाडीचा पायजमाच घालतो. एमआरआय करायचा झाला तर आधी सांगावं लागतं. तेवढा वेळ पंप थांबतो, नंतर तपासून तो चालू झाल्याची खात्री करतात. डबीतली बॅटरी चार ते सात वर्षं टिकते. मग डबी बदलायला पुन्हा ऑपरेशन.

ऑपरेशनपेक्षाही महत्त्वाचा आहे तो पंप भरण्याचा दिवस. आत्तापर्यंत पाच वेळा भरला. पोटावर सुईची जागा दाखवणारा निर्जंतुक साचा ठेवतात, त्याच्या भोकातून सुई डबीच्या मधल्या रबरी पडद्यात घालतात, उरलेलं औषध ओढून काढतात आणि मोजतात. एकदा माझ्या हिशेबाने ३ मिली उरायला हवं होतं, २.९ निघालं. ते आकडे जुळले की माझा जीव भांड्यात पडतो, कारण नाही जुळले तर नळी किंवा पंप तपासायला लागतो. मग नवं औषध हळूहळू भरतात. सुई डबीत न जाता बाहेर गेली, तर महिन्यांचं औषध एकदम कातडीखाली सांडतं आणि माणसाचा श्वास मंदावू शकतो. म्हणून भरल्यावर लगेच बाहेर पडायची घाई मी करत नाही, तिथेच बसून राहतो.

डिसेंबरात तिसऱ्यांदा भरायचं होतं. पुण्यात जिथे भरतात तिथून फोन आला, औषधाच्या कुप्या आल्या नाहीत, थांबा. दोन दिवसांनी रात्री जेवताना पोटातून बारीक 'पीं' असा आवाज आला. हिला वाटलं माझा मोबाइल. तासाभराने पुन्हा तसाच. डबीत २ मिली उरलं की ती इशारा देते. रोज ०.२ मिली या हिशेबाने अजून आठवडाभर तरी पुरणार होतं, पण अंगात भरलेलं मॉर्फिन अचानक बंद झालं तर घाम, थरथर, जुलाब आणि सगळी वेदना एकदम परत, हे मला ठाऊक होतं. सहाव्या दिवशी कुप्या आल्याचा निरोप आला. पहाटे चारला गाडी काढली. पेठनाका, कराड, सातारा, खंबाटकी. वाटेत दर तासाला ती 'पीं'. धाकटा गाडी चालवत होता, तो एक शब्द बोलला नाही.

वॉनलेस दवाखाना १८९४ साली उभा राहिला, तेव्हापासून दूरदूरचे लोक मिरजेला उपचाराला येतात. आणि मी मिरजेपासून दहा किलोमीटरवर राहून पोटातली डबी भरायला पुणं गाठतो. जवळ भरून देणारं मला अजून कोणी सापडलेलं नाही. म्हणून ज्यांना पंप बसवायचाय, त्यांनी सर्जनला पहिला प्रश्न हाच विचारावा: दर तीन महिन्यांनी हा कुठे भरणार, कोण भरणार, आणि तो माणूस रजेवर असेल तर दुसरा कोण? उत्तर लेखी घ्या. विम्याचंही आधीच लेखी घ्या. माझ्या कंपनीने नंतर निम्मे पैसे नाकारले.

आता मी तारीख इशाऱ्याच्या दहा दिवस आधीची घेतो आणि आठवडाभर आधी कुप्या आल्यात का, हे फोन करून विचारतो. पेढीच्या कॅलेंडरवर पुढची तारीख हिनेच हळदीच्या बोटाने खूण करून ठेवलीय.