पावसात कोल्हापूर आणि सोबतीला तिथलाच ओळखीचा: पन्हाळा करायचा की गाव?

जुलै-ऑगस्टमधे कोल्हापुरात एकच दिवस हातात आहे, पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये आणि तिथला कुणीतरी ओळखीचा "चला, मी फिरवतो" म्हणतोय. अशा वेळी बहुतेक लोक डोळे झाकून पन्हाळा म्हणतात. माझं मत गावाकडे, म्हणजे कोल्हापूर शहरातच फिरण्याकडे झुकतं, पण पन्हाळ्याची बाजू काही लेचीपेची नाही.

पन्हाळा साधारण २० किलोमीटर, गाडी थेट वर जाते, गडावर गावच वसलंय त्यामुळे चढायची कटकट नाही. पावसात अडचण धुक्याची. सज्जाकोठीतून खालचं खोरं बघायला जावं तर समोर सगळं पांढरंफटक, पुढचं झाडसुद्धा दिसत नाही. तीन दरवाजा, तीन मजली अंधारबाव, अंबरखान्याची ती अवाढव्य दगडी कोठारं हे मात्र धुक्यातही बघता येतं, फक्त पायऱ्यांवर शेवाळ असतं, ग्रिपवाले बूट पाहिजेतच. आणि एक गोष्ट गावात मिळणार नाही. १६६० च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा होता आणि जुलैत, अशाच कोसळत्या पावसात, शिवाजी महाराज इथून निसटून विशाळगडाकडे गेले. अंधारात, चिखलातून पालखी कशी पळवली असेल याचा थोडासा तरी अंदाज डिसेंबरच्या उन्हात येत नाही, पावसातच येतो. यासाठी जायचं असेल तर जाच, धुकं गेलं उडत.

पण तिथे त्या ओळखीच्या माणसाचा उपयोग काय? गाडी चालवणार, झुणका-भाकरी चांगली कुठे मिळते ते सांगणार, संपलं. बिचाऱ्याने आलेल्या प्रत्येक पाहुण्याला वर नेलेलं असतं, तुमच्यासोबत तो निव्वळ शिष्टाचार म्हणून येतो. पन्हाळा एसटीने जाऊन एकट्यानेही होतो.

गावात मात्र तोच माणूस असला की दिवसच बदलतो. न्यू पॅलेस आणि टाऊन हॉल म्युझियम दोन्ही छपराखाली, पाऊस कितीही पडू दे. टाऊन हॉलमधे पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती आहे, ग्रीक समुद्रदेव, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली, म्हणजे तेव्हा रोमन व्यापार इथवर पोचला होता, आणि बरेच कोल्हापूरकर ती न बघताच मोठे झालेत त्यामुळे तुमच्या निमित्ताने तोही पहिल्यांदा बघेल. (पॅलेसमधे आत फोटो काढू देत नाहीत, मोबाईल खिशात.) अंबाबाई, भवानी मंडप, शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान हे सगळं जवळजवळ, सरी चुकवत होतं.

पण खरं कोल्हापूर पावसात बघायचं तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे तिथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. ओळखीचा माणूस तुम्हाला लांबूनच नदी दाखवेल आणि २०१९ ला, २०२१ ला पाणी कुठल्या गल्लीत कुठवर आलं होतं ते भिंतीवर हात ठेवून सांगेल, हे कुठला गाईड सांगणार? मग मिसळ, पावाऐवजी ब्रेडबरोबर. संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्टा, समोर म्हैस, समोरच काढलेली धार, फेसाळ ग्लास हातात. एकट्याने गेलं की तिथे उगाच बुजल्यासारखं होतं, ओळखीचा असला की दुसरा ग्लास तोच हातात कोंबतो.

खर्चाचं म्हणाल तर पन्हाळ्याला त्याची गाडी असेल तर पेट्रोल तुम्ही भरा, तो नाही म्हणेल तरी भरा. गावात रिक्षा आणि चालणं, फार जात नाही.

सोमवार असेल तर म्युझियमचा बेत बाद, मग पन्हाळ्याचं पारडं आपोआप जड होतं. उलट पातळी इशाऱ्याकडे चाललीय असं ऐकलंत तर वर जायचं डोक्यातून काढा. पन्हाळ्याला जाताना लागणाऱ्या रत्नागिरी रोडवर केर्लीजवळ पाणी येतं आणि २०२१ च्या जुलैत तर पन्हाळ्याचा रस्ताच खचला होता. आदल्या रात्री त्यालाच फोन करून "किती फूट आहे?" एवढं विचारा, पुढचं तो सांगेल.