काठमांडूचं ‘शाळा अधिक हॉस्पिटल’ स्वयंसेवक पॅकेज : कोणता भाग घ्यावा, कोणता सोडावा

काठमांडू खोऱ्यात पैसे घेऊन स्वयंसेवक पाठवणाऱ्या एजन्सींचं पॅकेज साधारण ठरलेलं असतं. दोन ते चार आठवडे, सकाळी शाळा, दुपारी हॉस्पिटलातल्या मुलांच्या वॉर्डात आजारी मुलांशी खेळणं आणि शनिवारी भटकंती. यातली शाळा घ्यावी. वॉर्ड मात्र हॉस्पिटलकडून लेखी होकार आल्याशिवाय घेऊ नये.

शाळेत मराठी माणसाचं जमतं. लिपी देवनागरीच आणि हिंदी बऱ्याच मुलांना समजते. फसतं ते तारखांमध्ये. आपली दिवाळी म्हणजे त्यांचा तिहार, त्याआधी दशैं, म्हणजे आपला दसरा. या काळात शाळांना लांब सुट्ट्या असतात, त्यामुळे दिवाळीच्या रजेत जाण्याचा बेत हमखास वाया जातो. चैत्रात परीक्षा, नवं वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर. आठवडी सुट्टी शनिवारची, रविवारी शाळा भरते का ते आधी विचारून घ्या. अख्खा वर्ग हातात देणार असतील तर नको म्हणा. पाहुणा आला की शिक्षक बाहेर पडतात आणि पाहुणा गेला की धडा तिथंच अडकतो. पाच-सहा मुलांना घेऊन रोज अर्धा तास इंग्रजी वाचन घेतलं, तर महिन्याभरात थोडाफार फरक दिसतो. दोन आठवडे तर ओळख होण्यातच जातात. वह्या-पेन्सिली तिथल्याच दुकानातून घ्या.

वॉर्डची तयारी निघण्याच्या सहा महिने आधी सुरू करावी लागते, कारण हेपटायटिस बी लशीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. एमएमआरच्या (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) दोन डोसांत किमान चार आठवडे हवेत. कांजिण्या झाल्या नसतील तर तीही लस घ्या. केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला तुमच्या कांजिण्या जिवावर बेतू शकतात. एजन्सीच्या माहितीपत्रकात यातलं काही नसेल, तर वॉर्डात तुम्हाला कोण आत घेणार आहे, हे विचारा.

वॉर्डात खेळायला नेण्याचं सामान पुसता किंवा धुता येणारं हवं : प्लास्टिकचे ठोकळे, लॅमिनेट केलेली चित्रं. कापडी बाहुल्या नकोत. रबरी फुगे तर नकोतच, फुटलेला तुकडा घशात अडकतो आणि लॅटेक्सची ॲलर्जीही असते. क्रेयॉन ज्याला दिले त्याच्याकडेच राहू द्यावेत, पुढच्या खाटेवर नेऊ नयेत. सलाइन कोणत्या हाताला आहे ते पाहून खेळ निवडा. गोळी-चॉकलेट अजिबात देऊ नका, कारण ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेलं मूल तुम्हाला ओळखू येणार नाही. डॉक्टरांचा राउंड संपल्यावर जावं, एका मुलाजवळ वीस मिनिटं पुरेत. एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाताना हात सॅनिटायझरने चोळा. जुलाबांच्या वॉर्डात मात्र साबण-पाणीच लागतं, जुलाब-उलट्या पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर भरवशाचा नाही. स्वतःला जुलाब झाले तर ते थांबल्यावरही ४८ तास वॉर्डात पाऊल टाकू नका.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा : कोणत्या व्हिसा-नियमाखाली काम करणार, फीपैकी शाळेला किती जातात आणि वॉर्डात जबाबदार सिस्टर कोण. चारित्र्य पडताळणीचा दाखला न मागणारी एजन्सी तिथंच बाद करावी. मुलांमध्ये कोणालाही सोडणारे तुम्हालाही तसंच सोडतील.

काही एजन्सी ‘अनाथाश्रमात एक आठवडा’ही जोडून देतात. तो साफ नाकारा. परदेशी पाहुण्यांच्या पैशांसाठी, आई-वडील हयात असलेली मुलं दुर्गम जिल्ह्यांतून दलालांमार्फत आणून अशा घरांत ठेवल्याचे प्रकार नेपाळमध्ये उघड झाले आहेत.