हंटिंग्टनची टेस्ट: पुण्यातल्या जेनेटिक क्लिनिकचा अनुभव

बाबांना हंटिंग्टन आहे, म्हणजे मेंदूचा, घराण्यात पुढे पुढे जाणारा आजार. आधी आत्याला होता पण तेव्हा कुणालाच कळलं नाही, हात आपोआप नाचायचे म्हणून गावात म्हणायचे हिच्या अंगात येतं. बाबा चालताना झोकांड्या खायला लागले तर लोक म्हणाले पितात, ज्या माणसाने आयुष्यात थेंब शिवला नाही त्याला!

मग त्यांचा रिपोर्ट आला, सीएजी रिपीट ४४, म्हणजे या आजाराच्या जीनमध्ये सीएजी ही अक्षरं सलग ४४ वेळा. आणि माझी झोप उडाली, कारण आई-वडिलांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला ५० टक्के शक्यता.

आधी एका लॅबमध्ये गेले होते, तिथे काही न विचारता बिल फाडायला घेतलं, रिपोर्ट ईमेलवर येईल म्हणाले. ईमेलवर?? उठून आले.

इथे पहिल्या दिवशी रक्तच घेतलं नाही. काउन्सेलर मॅडमनी कोरा कागद घेऊन पेन्सिलने आमची वंशावळ काढली, पुरुष चौकोन, बायका गोल, गेलेल्यांवर तिरकी रेघ, आजार असेल तर आतून काळं. आजोबांपाशी आलो, मी म्हटलं ते चाळिशीतच विहिरीत... मॅडम थांबल्या, आणि चौकोन काळा न करता आत हळूच प्रश्नचिन्ह काढलं.

अशाच वंशावळींवरून हा जीन सापडलाय. नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन संशोधक बाईची आई याच आजाराने गेली, आणि ही बाई १९७९ पासून वर्षानुवर्षं व्हेनेझुएलात माराकाइबो तलावाकाठच्या वस्त्यांमध्ये जात राहिली, ४,००० च्या वर लोकांचं रक्त, १८,००० माणसांची वंशावळ! त्या कुटुंबांमुळेच १९८३ मध्ये शास्त्रज्ञ जेम्स गुसेलांच्या टीमला क्रोमोसोम ४ वर खूण मिळाली, नेमका जीन हाती लागायला १९९३ उजाडलं. म्हणून आज आपल्याला नुसता रिपीटचा आकडा मोजून मिळतो. २६ पर्यंत नॉर्मल, ३६ ते ३९ म्हणजे होईल किंवा नाहीही, ४० पासून पुढे होणारच, आणि आजार थांबवणारं औषध अजून नाही.

म्हणूनच मॅडमनी विचारलं, निकाल कळल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करणार? मला उत्तर देता आलं नाही. घरी गेले, महिन्याने परत आले. मग न्यूरोचे डॉक्टर, सायकियाट्रिस्ट, आणि त्यानंतर जांभळ्या झाकणाची एक छोटी ट्यूब, बस. निकाल समोर बसवूनच देतात, सोबत कुणीतरी हवंच, आणि पाकीट उघडेपर्यंत नको म्हणायची मुभा. आत्याच्या १५ वर्षांच्या नातीची टेस्ट करायला साफ नाही म्हणाले, १८ ची होऊन स्वतः ठरवू दे म्हणाले. तेव्हा राग आला होता, आता पटतंय.

फोन मात्र चार-चार वेळा लावावा लागतो, आणि दाराशी तीन पायऱ्या आहेत, बाबांना धरून चढवताना फार हाल झाले. रॅम्प करा प्लीज, तुमच्याकडे येणारे पेशंटच असे आहेत.

वेक्सलर बाईंनी आपल्यालाही आजार आहे हे जगाला सांगितलं ते २०२० मध्ये. माझा आकडा मीही इथे लिहीत नाहीये, धाकट्याचं अजून टेस्ट करायची की नाही ते ठरत नाहीये, आणि माझं ऐकून त्याने ठरवायला नको.