चार्लीचा कारखाना: १९७१चा दाखवावा की २००५चा?

सुट्टीत मुलांना चार्लीचा चॉकलेटचा कारखाना दाखवायचाय, पण जुना दाखवावा की नवा, असं दोघातिघांनी विचारलं. दोन्ही चित्रपट रोआल्ड डाल यांच्या १९६४च्या कादंबरीवरचे. गोष्ट ठाऊक असेलच: सोनेरी तिकीट मिळालेला गरीब चार्ली आणखी चार मुलांबरोबर विली वोंका या गूढ मालकाचा चॉकलेटचा कारखाना बघायला जातो. गेल्या मे महिन्यात भाचरं आमच्याकडे बडोद्याला, दांडिया बाजारच्या घरी आली होती. तेव्हा लागोपाठ दोन दुपारी दोन्ही लावले, त्यावरून सांगतो.

टिम बर्टनचा २००५चा चित्रपट बऱ्याच बाबतीत पुस्तकाच्या जवळचा आहे. पाँडिचेरीच्या राजपुत्राचा चॉकलेटचा महाल उन्हाने वितळतो, हा पुस्तकातला प्रसंग जुन्यात नाहीच. बडोद्याच्या मे महिन्यात तो मुलांना समजावून सांगावा लागत नाही! अक्रोड फोडणाऱ्या खारीही इथेच. त्यासाठी खऱ्या खारी शिकवून तयार केल्या होत्या; जुन्यात त्यांच्या जागी सोन्याची अंडी देणाऱ्या हंसिणी आहेत. कारखान्यात काम करणारे बुटके उंपा-लुंपा सगळे डीप रॉय या एकाच भारतीय वंशाच्या नटाने केलेत म्हटल्यावर धाकटा भाचा एकेक चेहरा निरखत बसला.

मला खटकले ते वोंकाचे वडील. हे दंतवैद्य कादंबरीत नाहीतच, इथे मुद्दाम घातलेत. कारखान्यात जरा रंग भरला की गोष्ट मागे जाते: छोट्या वोंकाच्या तोंडाभोवती तारांचा पिंजरा, त्याचा खाऊ आगीत टाकणारे वडील. तेवढ्यात मुलं पाणी प्यायला उठायची, त्याचं काही नाही. पण चित्रपट संपल्यावर नऊ वर्षांची थोरली म्हणाली, "मामा, म्हणजे त्याचे बाबा कडक होते म्हणून तो असा झाला, हो ना?" तिच्यापुरता वोंका तिथेच संपला. मला ते फार लागलं. तिच्या वयाचा असताना मी पुस्तक वाचलं, तेव्हा हा माणूस कोण, कुठला, काहीच कळत नव्हतं, म्हणून तर तो रात्री डोक्यातून जात नसे.

दुसऱ्या दुपारी १९७१चा लावला. वोंका झालेला जीन वाइल्डर काठी टेकत, लंगडत येतो. काठी जमिनीत रुतते, तो पुढे कोसळतो आणि कोलांटी मारून टुणकन उभा राहतो. असं येऊ दिलं तरच भूमिका करीन, ही वाइल्डरचीच अट होती. यापुढे हा खरं बोलतो की खोटं, कुणाला कळू नये म्हणून. थोरली सरकत सरकत टीव्हीपाशी जाऊन बसली.

उणिवा आहेतच. कारखान्याचं फाटक उघडेपर्यंत लीलो चेवडोची (बडोद्याच्या ओलसर चिवड्याची) पिशवी अर्धी झाली होती. चॉकलेटची नदी गढूळ पाण्यासारखी दिसते. खुद्द डाल यांनाही हा चित्रपट आवडला नव्हता. आणि बोगद्यातल्या नावेच्या प्रसंगात क्षणभर कोंबडीची मान उडवलेली दिसते, तेव्हा लहानग्यांना जवळ घेऊन बसा.

खारींसाठी हट्टच असेल तर २००५चा खुशाल लावा, मुलं रमतील. पण एकच दुपार हाताशी असेल, तर माझ्या मते जुना बघावा. शेवटी चार्ली वोंकाने दिलेली ती कधीच न संपणारी गोळी मुकाट्याने वोंकाच्या टेबलावर परत ठेवतो, हेही पुस्तकात नाही. तेव्हा धाकट्याने चेवड्याची मूठ तशीच धरून ठेवली होती, आणि थोरलीने मागे वळून न बघताच विचारलं, "मामा, त्याला आधीपासून माहीत होतं का?"