सूझाचं चित्र घेताना: कागद, जाणकाराचा डोळा की प्रयोगशाळा?

गोव्यात चित्रकार सूझाचं चित्र विकायला आलं की सोबत एक गोष्टही येते. आजोबा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरीला होते, लंडनला ओळख झाली, त्याने हे भेट दिलं. ती खरीही असू शकते. साळगावात जन्मलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा 1949 साली लंडनला गेला होता आणि गोव्यात तारवटी घरोघरी. पण खोटी गोष्ट रचायची तरी हीच सगळ्यात सोपी. म्हणून पैसे मोजण्याआधी पारख हवी, आणि तिन्ही मार्गांवर खर्च करणं क्वचितच परवडतं.

जाणकाराचं मत सगळ्यात लवकर मिळतं आणि मला त्याचाच भरवसा सगळ्यात कमी वाटतो. 1937 मध्ये अब्राहम ब्रेडियस या नावाजलेल्या तज्ज्ञाने एक चित्र सतराव्या शतकातला डच चित्रकार फर्मीर याचं म्हणून डोक्यावर घेतलं. पुढच्याच वर्षी ते रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयात गेलं. ते रंगवलं होतं हान व्हान मेगेरेन याने, सतराव्या शतकातल्या जुन्या कॅनव्हासवर, रंगात बेकेलाइट हे प्लास्टिक मिसळून. फर्मीरने बायबलमधले विषय आणखी रंगवले असणार अशी ब्रेडियसची धारणा होती आणि त्याच्यापुढे नेमकं तसंच चित्र आलं. सूझाच्या बाबतीतही कपाळावर चढलेले डोळे, जाड काळ्या रेषा, आडव्या-उभ्या रेघांची जाळी असं सगळं एकाच कागदावर दाटीवाटीने दिसलं तर मला आनंदापेक्षा शंका जास्त येते.

कागदपत्रं डोळ्यापेक्षा बरी, पण ती कुठून आली ते पाहून. जॉन ड्र्यू या ठगाने लंडनमधल्या टेट आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट या संग्रहालयांच्या दप्तरातच बनावट नोंदी घुसवल्या. जॉन मायटने त्याच्यासाठी काढलेल्या चित्रांत घराच्या भिंतींना लावतात तसला इमल्शन रंग होता! रंग तपासला असता तर लगेच बिंग फुटलं असतं. पण दप्तरात नोंद सापडली की रंग कोण तपासतो? म्हणून विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स मोजू नका. 1955 साली लंडनच्या ‘गॅलरी वन’मध्ये सूझाचं प्रदर्शन झालं होतं. तिथलं चित्र म्हणून सांगत असतील तर कॅटलॉग स्वतः शोधा, माप आणि शीर्षक ताडून बघा.

प्रयोगशाळेचं पारडं चित्राच्या वयावर हलतं. 1914 सालचं, जर्मन चित्रकार कॅम्पेंडोंकचं म्हणून 2006 मध्ये सुमारे 29 लाख युरोंना विकलं गेलेलं चित्र व्होल्फगांग बेल्ट्राकीने काढलेलं होतं. लेबलं खोटी, आणि चित्रं आजीपासून घरातच होती हे पटवायला बायकोला तिच्याच आजीसारखं सजवून जुन्या वळणाचा फोटोही काढलेला. तो अडकला टायटॅनियम व्हाइटमुळे. 1914 मध्ये तो पांढरा रंग चित्रकारांच्या हाती आलेला नव्हता. सूझाच्या आयुष्यात मात्र तो सर्रास मिळायचा, त्यामुळे इथे त्याचा उपयोग शून्य. हां, 1940 च्या दशकातलं म्हणून दाखवलेल्या चित्रात अॅक्रिलिक हा नंतर रुळलेला रंग निघाला तर विषय संपला. उलट काही निघालं नाही, तर त्याने चित्र सूझाचं ठरत नाही. आणि रेखाटनाला जुना कागद हवा असेल तर तो रद्दीतही मिळतो.

चर्चमधलं जुनं लाकडावरचं चित्र असेल तर मी क्रम उलटा करीन, प्रयोगशाळा आधी. फक्त नमुने तीन-चार जागांवरून आणि खालच्या थरातूनही घ्यायला सांगा. अशा चित्रांवर पुढच्या पिढ्यांनी हात फिरवलेला असतो, आणि एका डागात नवा रंग सापडला म्हणून सगळंच खोटं होत नाही. त्रिंदाद किंवा आंजेलो द फोन्सेका हे गोव्याचे चित्रकार असतील तर आपण नशीबवान: एकाचा संग्रह पणजीच्या फोंताइन्यशमध्ये फुंदासांव ओरिएंतकडे, दुसऱ्याचा पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये. शेजारी ठेवून बघण्याजोगं अस्सल काम तिथे आहे.

सूझाचं छोटं रेखाटन घेणार असाल तर सगळा वेळ कागदांवर घाला. मोठं तैलचित्र असेल तर कागद जुळल्यावरच प्रयोगशाळेचा खर्च करा. दोन्ही वेळी बिलावर चित्रकाराचं नाव, वर्ष, माध्यम आणि बनावट ठरल्यास पैसे परत, एवढं लिहून मागा. विक्रेता ‘सूझाच्या शैलीतलं’ असं लिहायला लागला, तर भावही शैलीचाच द्या.